तांडेलबाईंचे शनिवारचे वाटे

इंदुमती तांडेल यांना मी प्रथम पाहिलं ते शिक्षकांच्या खोलीत, दाढीच्या ब्लेडने एक नवंकोरं पुस्तक उसवताना. काळाचौकीजवळच्या आमच्या शाळेत मी त्याच आठवड्यात गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. गिरगावातल्या आमच्या घरी पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायची पद्धत. बाईंनी पुस्तक आधी कपाळाला लावलं, मग शिवणीचा दोरा कापला आणि दहावीच्या विज्ञानाचे चार भाग करून टेबलावर मांडले. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची कव्हरं कापलेली तयारच होती. प्रत्येक भागाला एक कव्हर घालून त्या दोरा ओवू लागल्या.

"पुस्तक खराब निघालं का?" मी विचारलं.

"नाही हो, चांगलं आहे. म्हणून तर चौघांना पुरवायचंय," त्या म्हणाल्या आणि सुई दातात धरून पुढचा भाग हातात घेतला.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त या गौरवग्रंथात लिहिण्याची विनंती गौरव समितीने केली तेव्हा मी आढेवेढे घेतले. बाईंच्या शिकवण्याच्या पद्धतीला आमच्या शाळेत सगळ्यांत जास्त विरोध मी केला. तोही एखाद-दुसऱ्या वर्षी नव्हे, आम्ही दोघं निवृत्त होईपर्यंत. समितीत बहुतेक बाईंचेच विद्यार्थी आहेत. ते म्हणाले, "सर, कौतुक करणारे खूप मिळालेत. तुम्ही खरं काय ते लिहा." आता खरं लिहायचं म्हटलं तर विरोधही लिहावा लागेल, तेव्हा बाईंनी आणि वाचकांनी रागावू नये.

त्या दिवसांत गिरण्यांचा संप चालू होता. आज मिटेल, उद्या मिटेल असं म्हणता म्हणता लोकांनी म्हणणंही सोडलं होतं. मुलांचे वडील दिवसभर घरी, त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत मुलांना अभ्यासाला कोपराही उरला नव्हता. वह्या पेन्सिलीने पाठपोट भरायच्या, मग त्यावरच पुन्हा शाईने लिहायचं, असं चाललेलं. चार घरांत मिळून एक पुस्तक असणं ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. एक पुस्तक चौघांनी पाळीपाळीने वापरावं हा साधा उपाय सगळ्या शाळांनी केला. बाईंनी पुस्तकच वाटलं.

ही कल्पना त्यांना कुठून सुचली ते त्यांनीच मला सांगितलं होतं. बाई माझगावच्या कोळीवाड्यातल्या. वडील समुद्रावर, आई लालबागच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. होडी किनाऱ्याला लागली की म्हावऱ्याचे, म्हणजे मासळीचे, वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग माणसांचे वाटे. "होडीत जो चढला त्याचा वाटा असतोच," बाई म्हणायच्या. "तो जाळं ओढत होता का नुसतं पाणी उपसत होता, ते कोणी विचारत नाही. पाणी उपसणारा नसता तर होडी घरी आली असती का?" मुलंही पुस्तकाच्या त्या भागांना वाटाच म्हणू लागली. "तुझा वाटा झाला का?" हा प्रश्न आमच्या शाळेत जेवलास का इतक्या सहज विचारला जायचा.

रीत अशी होती. चौघांचा एक गट. ज्याच्याकडे जो वाटा, त्याने तो आठवडाभर घरी न्यायचा, वाचायचा, अडलं तर बाईंना विचारायचं आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की प्रयोगशाळेत बसून तो बाकीच्या तिघांना समजावून सांगायचा. "पुस्तकात असंच दिलंय" हे वाक्य वर्ज्य. ऐकणाऱ्याला कळलं नाही तर त्याने विचारलंच पाहिजे, आणि सांगणाऱ्याने वैतागायचं नाही. बाई मध्ये बोलत नसत. खिडकीशी उभ्या राहून त्या सगळ्या गटांचं एकाच वेळी ऐकायच्या, आणि त्यांना ते ऐकू यायचंही.

माझा पहिला आक्षेप असा की शिक्षकाने चूक केली तर ती निदान जबाबदार माणसाची चूक असते. इथे तर मुलंच मुलांना सांगणार. बाईंनी ते हसण्यावारी नेलं आणि सहामाहीत माझं म्हणणं खरं ठरलं. एका गटातल्या शैलाने आम्लात लिटमसचा रंग कसा बदलतो ते नेमकं उलटं सांगितलं, इतक्या आत्मविश्वासाने की चौघांच्याही पेपरात तेच उलटं उत्तर आलं. मुख्याध्यापकांना वाटलं कॉपी. चौघांना ऑफिसबाहेर उभं केलं. बाई आत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, कॉपी करणारी मुलं बरोबर उत्तराची करतात. ही चूक त्यांनी मेहनतीने शिकलीय." मुख्याध्यापकांनी सोडून दिलं. पण बाईंनी ती गोष्ट सोडली नाही. तेव्हापासून शुक्रवारी मधल्या सुट्टीत प्रत्येकाने आपला वाटा आधी बाईंना म्हणून दाखवायचा असा नियम झाला. बाईंचा शुक्रवारचा डबा पुढे कित्येक वर्षं तसाच घरी परत गेला.

दुसरा आक्षेप दिलीपच्या आईचा. दिलीप वर्गात पहिला येणारा, त्याच गटातला. त्या माऊली शाळेत येऊन ताडताड बोलल्या, "माझ्या पोराने सोताचा अभ्यास करायचा का दुसऱ्यांच्या पोरांना हाकत बसायचं? पगार तुम्ही घेताय ना?" बाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि दिलीपला सांगितलं, "रत्नाकरला समजेल असं सांगता आलं तर तुला आलं. नाहीतर तुलाही आलेलं नाही असं मी धरीन." रत्नाकर हा त्या गटातला चौथा, अभ्यासात सगळ्यांत मागे. मला हे अन्यायाचं वाटलं आणि मी तसं बोललो. हुशार मुलाचा वेळ हा काही सार्वजनिक नळ नव्हे, की ज्याने त्याने येऊन बादली लावावी. हे माझं मत आजही पुष्कळसं कायम आहे.

एकदा चिडून मी बाईंना म्हटलं, "तुमचा गट म्हणजे गणपतीतल्या दिव्यांची माळ. एक दिवा गेला की सगळी माळ बंद."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर एकही जाऊ द्यायचा नाही."

आणि नेमका त्याच वर्षी दिवा जायची वेळ आली. शैला, दिलीप, रत्नाकर यांच्याच गटात मंगल घाडी नावाची मुलगी होती. अभ्यासात मध्यम, बोलण्यात कमी. तिच्याकडे विजेचा वाटा होता, पुस्तकातला सगळ्यांत किचकट. मंगल तो चाळीच्या जिन्यातला दिवा आणि त्याची दोन बटणं यांवरून समजावून सांगायची आणि फार छान सांगायची, हे मी स्वतः खिडकीतून ऐकलं आहे. दिवाळीनंतर तिचे वडील शाळेत आले. ते गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. त्यांनी सांगितलं की बायको आणि मुलं मालवणकडे गावी चालली आहेत, मंगलही जाईल, तिचं नाव कमी करा. परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता. बाई त्या तासाला वर्गावर होत्या, त्यांना हे नंतर कळलं.

मी माझ्या परीने मार्ग काढला. माझ्याकडे विज्ञानाचं अख्खं पुस्तक होतं. वीज आणि गणित काही फार लांबचे नातेवाईक नव्हेत. मी बाईंना म्हटलं, "उरलेल्या तिघांना वीज मी शिकवतो. त्यांचं वर्ष वाया नको जायला."

बाई म्हणाल्या, "तुम्ही शिकवाल, आणि चांगलं शिकवाल. पण मग मंगल गेली तरी चालतं, असं होईल. मला एक आठवडा द्या."

मला राग आला. एका मुलीसाठी तीन मुलांना अडवून धरायचं हे मला पटेना, आणि ते मी जरा मोठ्या आवाजातच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. रविवारी त्या तिघांना घेऊन घाडींकडे निघाल्या तेव्हा मीही बरोबर गेलो. मदतीला गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. बाई कुठे चुकतात ते मला पाहायचं होतं.

लालबागच्या त्या चाळीत घाडींच्या खोलीत पाच-सहा माणसं बसलेली होती, सगळी संपातली, सगळी एका गावची. मंगल आत स्टोव्हपाशी होती. घाडींनी बाईंसाठी खुर्ची पुसली, पण बाई दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी इल्यात, बरा वाटला," ते म्हणाले. "पण माजी पण अडचण बगा. हिची आवस गावाक चल्ली. हय खोलीत आमी सगळे बापये. पंदरा वर्साच्या चेडवाक मी खय ठेवू?"

आई गावी गेल्यावर सगळ्या पुरुषांच्या खोलीत पंधरा वर्षांच्या मुलीला कुठे ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. माणूस वाईट नव्हता आणि अडचण खोटी नव्हती. घाडींना वाटलं, ही मंडळी पुस्तकासाठी आली असावीत. त्यांनी फळीवरून विजेचा वाटा काढला, झटकला आणि मुलांपुढे धरला.

"ह्या तुमचा पुस्ताक. जसा होता तसा आसा, फाडूक नाय हां. घेवन जावा."

मूळ पुस्तकाची काय अवस्था झाली होती ते माहीत असूनही कोणी हसलं नाही. ती पानं घाडींच्या हातात तशीच राहिली. दिलीप सगळ्यांत पुढे उभा होता. तो पानांकडे बघत राहिला.

"काका, हे घेऊन काय करू?" तो म्हणाला. "मी वाचलंय ते. नाय कळत मला. मंगल सांगते तेव्हाच कळतं."

आमच्या शाळेतल्या पहिल्या नंबराच्या मुलाने, बाहेरच्या सहा माणसांदेखत, मला कळत नाही असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मग शैला म्हणाली, "आम्हाला मंगल पाहिजे." आणि रत्नाकर म्हणाला, "तिला नका ना नेऊ. माझं अजून अर्धं समजायचं राहिलंय."

घाडी वळले. "गो, तू ह्यांका शिकवतस?"

"सगळेच एकमेकांना शिकवतो, बाबा," मंगल आतून म्हणाली.

"मगे सांग बगू. आमी पण आयकतो."

मंगल हात पुसत बाहेर आली. चाळीच्या जिन्यातला दिवा खालच्या बटणाने लावून वरच्या बटणाने कसा विझवता येतो, हे तिने बोटाने जमिनीवर रेघा ओढून सांगितलं. रत्नाकरने मधेच विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. त्याने परत विचारलं, तिने रेघा पुसून नव्याने काढल्या. घाडींच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "ह्या पोराक मी असतंय तर एक थोबाडीत दिली असती." सगळे हसले, रत्नाकरही हसला. घाडी मात्र हसले नाहीत. ते मुलीकडे बघत होते.

शैलाची आई त्याच मजल्यावर राहायची आणि एव्हाना दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "भावजी, माझ्या दोन पोरी आहेत, तशी ही तिसरी. जेवण तुमचं करील, निजायला आमच्यात येईल." घाडींनी विजेचा वाटा परत फळीवर ठेवला. शेवटी म्हणाले, "परीक्षा होयसर. मगे गावाक."

परतताना मी बाईंना टोचून बोललो. म्हटलं, मुलं मंगलसाठी रडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती तर आपल्या पेपरासाठी भांडली. बाई म्हणाल्या, "कीव आठ दिवस टिकते, सर. परीक्षेला अजून तीन महिने आहेत."

मंगल पास झाली, विज्ञानात तर उत्तम. शैला आणि दिलीपही पास. रत्नाकर नापास झाला, आणि तोही विज्ञानात. बोलायची संधी मी सोडली नाही. बाईंना म्हटलं, शिकवणारी पुढे गेली आणि शिकणारा मागे राहिला, हा तुमच्या पद्धतीचा हिशेब. मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्या म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. सांगणारा शिकतो. रत्नाकरला मी वर्षभर नुसतं ऐकायला बसवलं. कीव करून त्याला सगळ्यांत सोपा वाटा दिला. तो गेला असता तर गटाचं काही अडलं नसतं, आणि हे त्यालाही माहीत होतं." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

निकालानंतर त्या रत्नाकरच्या घरी गेल्या आणि त्याला शनिवारी शाळेत घेऊन आल्या. दहावीच्या नव्या वर्गाला वीज कोण सांगणार, तर रत्नाकर. मुलं त्याला नको नको ते प्रश्न विचारायची. ऑक्टोबरच्या परीक्षेत तो सुटला. पुढल्या वर्षापासून ज्याची भीती वाटते त्यालाच सगळ्यांत अवघड वाटा द्यायचा, आणि त्याच्या मागे शुक्रवारी दुप्पट बसायचं, अशी बाईंची रीत झाली. मी त्यालाही विरोध केला. काही गट त्यामुळे खरोखरच रखडले, हे इथे नमूद करतो. पण वर्ष संपण्याआधी शाळा सोडून जाणारी मुलं बाईंच्या वर्गात कमी होत गेली, हेही मी पाहिलं आहे, तेव्हा तेही नमूद करतो.

बाईंच्या मायेचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका पावसाळ्यात मला कावीळ झाली आणि मी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होतो. बाई माझगावहून गिरगावात आल्या. आमच्याकडे मासळी चालत नाही हे माहीत असल्याने शहाळी घेऊन आल्या, आणि माझ्या आईशी अशा गप्पा मारल्या की माझी विचारपूस करायची राहूनच गेली. निघताना मला म्हणाल्या, "तुमच्या वर्गाने तुमचं प्रमेय वाटे करून आपसात पुरं केलंय. मी काही सांगितलं नव्हतं हां, तुमची शपथ. एक पायरी चुकलीय, ती तुमच्यासाठी तशीच ठेवलीय." शाळेत जायची घाई मला आयुष्यात त्या आजारात झाली तेवढी पुन्हा कधी झाली नाही.

मंगलला परीक्षेनंतर गावी पाठवायचं होतं, पण घाडींनी पाठवलं नाही. ती परळच्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागली आणि तिथेच तिने सगळी नोकरी केली. तिच्या वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. ते स्वतः गावी गेले, आणि सणाला मुलीकडे मुंबईत येत राहिले. दिलीप, शैला, रत्नाकर आणि मंगल, चौघंही आज या गौरव समितीत आहेत आणि समितीच्या बैठकीत अजून एकमेकांचं बोलणं तोडतात.

मागच्या महिन्यात हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी माझगावला बाईंकडे गेलो होतो. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काळा चष्मा लावून त्या खिडकीशी बसल्या होत्या. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते मी विचारलं. म्हटलं, बाई, त्या रविवारी घाडी नाहीच म्हणाले असते तर?

"तर सोमवारी परत गेले असते," त्या म्हणाल्या. "मंगळवारीही गेले असते. बापाची भीती मला वाटली नाही. त्यांनी पानं पुढे केली तेव्हा मात्र भीती वाटली."

"का?"

"मुलांना काय बोलायचं ते मी शिकवलं नव्हतं, सर. नुसतं चला म्हटलं होतं. त्या पानांत सगळी वीज होती. दिलीपने हात पुढे केला असता, थँक्यू काका म्हणाला असता आणि आम्ही सगळे घरी आलो असतो. मी खाली फरशीकडे बघत होते. माझ्याच्याने वर बघवेना."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्या दारात मी त्यांच्या शेजारीच उभा होतो आणि मला वाटत होतं की त्या निर्धास्त आहेत.

आदरणीय बाई, तुमचे डोळे लवकर स्वच्छ होवोत, गुडघ्यांनी जिन्याला दाद देऊ नये, आणि शंभरी गाठताना आम्ही सगळे तुमच्या भोवती असू एवढं आयुष्य आम्हालाही मिळो. खाली बघत होतात म्हणून त्या दिवशी तुम्हाला दिसलं नाही, ते मी पाहिलं आहे आणि साक्षीला आजही उभा राहीन: दिलीपचे दोन्ही हात पाठीमागे होते.